अधिकृत गाण्यात कुणी रडत नाही

संध्याकाळचे पाच वाजले की दातार काका गॅरेजचं दार वर करायचे, फळीवरच्या छोट्या स्पीकरचं बटण दाबायचे आणि ड्राइव्हवेवर, रिसायकलिंगच्या डब्याशेजारी, ताठ उभे राहायचे. स्पीकरमधून खरखरत एक चाल सुरू व्हायची, मधेच एक कावळा ओरडायचा, आणि काका जपानीत गायला लागायचे. चार कडवी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी चार. कुत्रा फिरवणारी समोरची गोरी बाई पहिल्या वर्षी थांबून ऐकायची म्हणे, मग नुसता हात हलवायची, मग तेही बंद झालं. मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या त्या रस्त्यावर सोळा घरं होती, त्यांतली सहा मराठी. सोळापैकी एकाही घरात काका सोडून कुणाला जपानी येत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या ती फार उशिरा लक्षात आली.

मी त्या रस्त्यावर भाड्यानं राहायला आले त्या आठवड्यात त्यांना विचारलं होतं, "काका, हे जपानचं राष्ट्रगीत का?"

"छे गं. गावाचं. आमच्या गावाचं अधिकृत गीत."

"तुमचं गाव चिपळूणजवळ ना? शुभा काकू म्हणाल्या." शुभा काकू त्यांच्या पत्नी.

"ते जन्माचं. त्याला गाणं कुठंय?" काकांनी स्पीकर बंद केला आणि त्यावरची धूळ रुमालानं पुसली. "गाणं नसेल तर गाव कसलं? तो नुसता झिपकोड."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याची शिसारी आली. पण त्या दिवशी आवडलं होतं, हे कबूल करते.

काका गिअर बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत क्वालिटीचे इंजिनियर होते. तरुणपणी अकरा वर्षं ते तिकडच्या एका छोट्या गावात राहिले, मग कंपनीनं त्यांना मिशिगनच्या शाखेत पाठवलं आणि ते इथलेच झाले. तिकडे प्रत्येक प्रांताला, शहराला, अगदी पाच-सात हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचं अधिकृत गीत असतं. शाळेत ते शिकवतात, समारंभात सगळे उभं राहून म्हणतात, आणि संध्याकाळी पाचला गावभर लावलेल्या कर्ण्यांवरून त्याची चाल वाजते, की मुलांनो, घरी जा. काही शहरांत कचऱ्याची गाडीसुद्धा शहरगीत वाजवत फिरते. काका तिकडे असतानाच सरकारनं छोटी गावं एकमेकांत मिसळून मोठी शहरं केली, तेव्हा काकांचं गावही नकाशावरून गेलं. शेवटच्या दिवशी गावच्या कचेरीसमोर झेंडा उतरवला, लोकांनी गाणं शेवटचं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते रद्द. काकांनी त्या संध्याकाळी कर्ण्यावरची चाल टेपवर घेऊन ठेवली. कावळा त्या टेपमधला.

ऐकायला हे हळवं वाटतं. मलाही वाटलं. पण मी अशा घरात वाढले जिथे जेवणाच्या टेबलावर संपाची पत्रकं वाळत घातलेली असायची, आणि गाणं म्हणजे कुणीतरी कुणालातरी काहीतरी ठणकावून सांगणं, असं मला लहानपणापासून माहीत होतं. काकांच्या गाण्यात ठणकावणं नावालाही नव्हतं. त्यांनी एकदा मला अर्थ सांगितला. पहिल्या कडव्यात डोंगर. दुसऱ्यात नदी. तिसऱ्यात कारखान्याची चिमणी आणि आभाळाला भिडणारा तिचा धूर.

"धुराचं कौतुक?" मी म्हटलं.

"त्या काळी धूर म्हणजे प्रगती."

"आणि तो धूर ज्यांच्या छातीत गेला त्यांचं कडवं कुठंय?"

काका हसले. लहान मुलानं जेवताना नको ते विचारावं तसं हसले. "ऋचा, अधिकृत गाण्यात कुणी रडत नाही."

आमच्या इथल्या मराठी मंडळाला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा काकांनी कार्यकारिणीत ठराव आणला: मंडळाला अधिकृत गीत हवं. काका मंडळाचे चिटणीस होते. म्हणजे सभासदांची यादी त्यांच्याकडे असायची, आणि यादी ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मंडळाच्या घटनेत लिहिलं आहे की सभासद याच काउंटीत राहणारा हवा. कुणाची नोकरी गेली, व्हिसा संपला, कुटुंब भारतात परत गेलं, की काका त्याच दिवशी त्यांची नावं यादीतून आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकायचे. "यादी करंट हवी," ते म्हणायचे. माणूस विमानात असायचा आणि फोनवर त्याच्या नावाखाली उमटायचं की याला काढलं. कारखान्यात नापास झालेला गिअर पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवतात, तसं. मला वाटतं हातही तोच होता आणि सवयही तीच.

गाणं कसं करायचं हेही काकांनी तिकडून आणलं होतं. आधी सगळ्यांकडून शब्द मागवायचे. मग समिती एक निवडणार. मग निवडलेल्या शब्दांवर एक जाणता माणूस हात फिरवणार, खटकणारं काढणार, राहिलेलं भरणार. त्याचं नाव कुठेही येणार नाही. समितीत काका, मंडळाचे अध्यक्ष जोशी, आणि तरुणांतर्फे मी. हात फिरवणारा जाणता माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली बैठक काकांच्या बेसमेंटमध्ये झाली. भिंतीवर एक चौकट होती, आत लाल शिक्का मारलेलं जपानी प्रशस्तिपत्र.

"मोठं शहर झालं तेव्हा नवीन शहरगीतासाठी शब्द मागवले होते," काका म्हणाले. "मीही पाठवले. परदेशी माणूस मी एकटाच. उत्तेजनार्थ मिळालं. नव्या गाण्यात माझी एक गोष्ट घेतलीय."

"एक ओळ?" जोशींनी विचारलं.

"ओळ नाही. खिडकी. नव्या गाण्यात आहे, 'प्रत्येक खिडकीत उजेड'. ती खिडकी माझी आहे."

जोशींनी "वा वा" केलं. मी माझं हसू कॉफीच्या कपात लपवलं. अकरा वर्षं एका गावात राबायचं आणि बदल्यात एक खिडकी, तीही लोकांच्या घरची. आणि माणूस ती भिंतीवर लावतो!

मग त्यांनी आम्हाला नमुना म्हणून जुन्या गावच्या गीताचा एकेक कागद दिला. चारही कडवी त्यांच्या सुबक हस्ताक्षरात जपानीत लिहिलेली. शेजारी मराठी अर्थ, पण फक्त पहिल्या तीन कडव्यांचा.

"चौथ्याचा अर्थ?" मी विचारलं.

"ते ऋतूंचं आहे. विशेष काही नाही." आणि त्यांनी विषय बदलला. "तर ध्यानात घ्या. तीन कडवी. पहिल्यात डोंगर."

"काका, ट्रॉयमध्ये डोंगर नाही," मी म्हटलं. "ट्रॉय पोळपाटासारखं सपाट आहे."

"असा कसा नाही? ती टेकडी आहे की, मुलं जिथे बर्फात घसरायला जातात."

"ती कचऱ्याची आहे! वर्षानुवर्षं कचरा टाकला, वर माती घातली, गवत लावलं. काउंटीनं तशी पाटीही लावलीय."

"गाण्यात पाटी दिसत नाही," काका म्हणाले आणि वहीत लिहिलं: डोंगर आहे.

एकोणीस गाणी आली. अठरांमध्ये सह्याद्री होता, शिवराय होते, मातीचा सुगंध होता आणि मिशिगन जवळजवळ नव्हतंच. एकोणिसावं मंजिरीचं होतं. मंजिरी माझ्या घराच्या मागच्या रस्त्यावर राहायची. मूळची नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, स्वतःला नोकरी करायची परवानगी नसलेली, पाच वर्षांच्या इराची आई. तिच्या पहिल्या कडव्यात हायवेवरचे दिवे होते, दुसऱ्यात रविवारच्या मराठी शाळेची उघडी दारं. आणि तिसऱ्यात त्यांच्या शेजारचं कुटुंब होतं. त्या घरातल्या बापाची नोकरी जानेवारीत गेली. तशी गेली की व्हिसावरच्या माणसाला देश सोडायला साठ दिवस मिळतात. ते गेले, आणि त्यांच्या मुलाची लाल घसरगाडी अंगणात बर्फावर तशीच पडून राहिली. मंजिरीनं लिहिलं होतं:

साठ दिवसांत गेले त्यांचे अंगण अजून आहे,
बर्फावरती लेकराची घसरगाडी राहे.
नाव तयांचे यादीमधुनी पुसले जरी कुणी,
त्यांच्यावाचून अपुरी राहील आपुली ही गाणी.

शब्द फार मोठ्या कवीचे नाहीत. पण मी ते बेसमेंटमध्ये मोठ्यानं वाचले तेव्हा जोशींनी मोबाइल खाली ठेवला. काका चौकटीकडे बघत होते.

"हेच," मी म्हटलं.

"हेच," काका म्हणाले, आणि मला क्षणभर वाटलं, म्हाताऱ्यात जीव आहे.

आठवड्याभरानं दुरुस्त गाणं आलं. पहिल्या कडव्यातले हायवेवरचे दिवे जाऊन तिथे 'गिरिशिखर' आलं होतं. तिसरं असं झालं होतं:

दाही दिशांनी आले त्यांचे अंगण फुलले आहे,
हिमगिरीवर लेकरांची घसरगाडी वाहे.
नाव आपुले दुमदुमू दे दूर आकाशातुनी,
एकमुखाने गाऊ सारे आपुली ही गाणी.

गेलेले लोक आलेले झाले होते. कचऱ्याची टेकडी हिमगिरी झाली होती. यादी पुसणाऱ्यानं यादीच पुसून टाकली होती.

मी कागद घेऊन त्यांच्या दारात गेले. "काका, हे काय केलंत?"

"हात फिरवला."

"कुणाच्या मानेवर?"

"तू लगेच पेटतेस. घसरगाडी तिचीच ठेवलीय बघ."

नेमकं त्याच आठवड्यात मंजिरीच्या नवऱ्याची, निखिलची, नोकरी गेली. कंपनीनं सकाळी मीटिंग घेतली आणि दुपारी त्याचा बॅज चालेनासा झाला. साठ दिवस सुरू झाले. मंजिरीनं बोटांवर मोजलं. मंडळाचा कार्यक्रम त्रेपन्नाव्या दिवशी येत होता.

ती माझ्याबरोबर काकांकडे आली. शुभा काकूंनी चहा ठेवला. मंजिरी बसली नाही.

"काका, पहिली दोन कडवी तुमच्या मनासारखी ठेवा," ती म्हणाली. "बक्षीस पण नको, नाव पण नको. फक्त तिसरं माझं म्हणू द्या. एकदाच. मी समोर बसून ऐकते, अन् मग जाते."

"अगं, तुझंच गाणं आहे ते."

"नाही ना, काका. माझ्या गाण्यात आम्ही होतो."

काका चहाच्या कपाची दांडी सरळ करत राहिले. त्यांना वस्तू सरळ करायची सवय होती. "मंजिरी, हे गाणं अजून पंचवीस वर्षं म्हणतील. नवीन माणसं येतील, मुलं म्हणतील. त्यांनी उभं राहून काय, नोकरी गेल्याचं म्हणायचं? सिटी कौन्सिलमधले पाहुणे असतील, त्यांना अर्थ सांगावा लागेल. अधिकृत गाण्यात..."

"कुणी रडत नाही," मी पुरं केलं. "पण काका, या कडव्यातही कुणी रडत नाहीये. ते फक्त सांगतंय की माणसं होती."

स्वयंपाकघराच्या दारात शुभा काकू उभ्या होत्या. "अहो, म्हणू द्या की तिला," त्या हळूच म्हणाल्या.

"तुला त्यातलं कळत नाही," काका म्हणाले. विषय संपला. समितीत मतं पडली, दोन विरुद्ध एक.

मी राजीनामा दिला. चार पानी पत्र लिहिलं आणि सगळ्या ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, एक हात जोडलेला आला, आणि कुणीतरी विचारलं की कार्यक्रमाला डब्बा आहे की बुफे.

त्रेपन्नाव्या दिवशी शाळेच्या भाड्याच्या सभागृहात तीनशे माणसं होती. काका सूट घालून आले. माइकवरून म्हणाले, "टाळी वाजवायची नाही. उभं राहायचं." सगळे उभे राहिले. मराठी शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं. तिसऱ्या रांगेत मंजिरी उभी होती, आणि समूहगानात पहिल्या ओळीत इरा. इरा गोड आवाजात म्हणत होती, दाही दिशांनी आले त्यांचे अंगण फुलले आहे. त्यांच्या अंगणात त्या वेळी 'मूव्हिंग सेल'ची, घरसामान विकायची, पाटी होती. मंजिरी तिन्ही कडवी डोळे न मिटता उभी होती. रडली नाही. काकांचा नियम सभागृहात एकट्या तिनंच पाळला, असं मला वाटतं, कारण बाकीच्यांना मोडावासाही वाटला नव्हता.

सात दिवसांनी पहाटे त्यांना विमानतळावर सोडायला काका स्वतःची मोठी गाडी घेऊन आले. हेही सांगितलं पाहिजे. आठ बॅगा त्यांनी स्वतः चढवल्या, स्वतः उतरवल्या. निखिलला म्हणाले, "काळजी करू नकोस, होतं सगळं नीट." मग टर्मिनलच्या दारात ते कमरेत वाकले, जपानी पद्धतीनं, पाठ अगदी जमिनीला समांतर, आणि मंजिरी काचेच्या आत जाईपर्यंत वाकलेलेच राहिले. मी बाजूला उभी होते. मला त्यांच्या पाठीवर लाथ घालावीशी वाटली. वाकण्यात तो माणूस तरबेज होता. ताठ उभं राहायचं तेवढं फक्त कचऱ्याच्या डब्याशेजारी.

घरी पोहोचेपर्यंत फोनवर उमटलं होतं: मंजिरीला काढलं. निखिलला काढलं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पाच वाजता मी खिडकी बंद करायचे.

मी इथल्या एका वाचनालयात काम करते. तिथे हारुको-सान नावाच्या वयस्क जपानी बाई आठवड्यातून दोनदा मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. डिसेंबरमध्ये माझी जुनी फाइल आवरताना काकांनी दिलेला तो कागद बाहेर पडला, आणि मी तो हारुको-सान यांच्यापुढे धरला. थोडी मजा घ्यावी, एवढाच हेतू. म्हटलं, बघा, धुराचं कौतुक.

त्यांनी चष्मा लावला, पहिली तीन कडवी वाचली आणि हसल्या. "हो, अशीच असतात. आमच्या गावच्या गाण्यातही चिमणी होती." मग चौथं वाचायला लागल्या आणि हसायच्या थांबल्या. पुन्हा वाचलं.

"हे त्या गाण्यातलं नाही," त्या म्हणाल्या. "अधिकृत गाण्यात असं कडवं असूच शकत नाही. चाल तीच ठेवलीय, पण हे परक्या माणसानं लिहिलंय. एक-दोन शब्द आम्ही असे वापरत नाही. पण चांगलं लिहिलंय."

"ऋतूंचं आहे ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ओळीवर बोट ठेवून हळूहळू अर्थ सांगितला. कारखान्यामागे शिकाऊ कामगारांचं वसतिगृह आहे. परदेशांतून आलेली पोरं. त्यांची तीन वर्षं संपली की त्यांना परत पाठवतात. एकेक खिडकी विझत जाते. दारातल्या फळीवर त्यांच्या चपला तेवढ्या उरतात, आणि गाव पाच वाजता गाणं वाजवतं, की मुलांनो, घरी जा.

म्हणजे ही ती खिडकी. स्पर्धेला पाठवलेली. तिकडच्या जाणत्या माणसानं तिच्यावर हात फिरवला आणि विझलेल्या खिडकीत दिवा लावून दिला. 'प्रत्येक खिडकीत उजेड.' आणि याला मिळालं उत्तेजनार्थ.

त्या संध्याकाळी पाचला मी त्यांच्या ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिले. बर्फ भुरभुरत होता. त्यांनी चारही कडवी म्हटली, मी मधे बोलले नाही. मग म्हटलं, "काका, चौथं कडवं तुमचं आहे."

त्यांनी स्पीकर बंद केला. "कोण म्हणालं?"

"ज्यांना वाचता येतं ते. तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्यावर हेच झालं होतं, तरी मंजिरीचं कडवं कापलंत?"

"म्हणूनच कापलं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही लाज नव्हती, उलट समजावणीचा सूर होता. "मी नसतं कापलं तर जोशींनी अख्खं गाणं फेकलं असतं. मला माहितीये या कमिट्या कशा असतात. काहीतरी राहायला हवं ना? माझी खिडकी राहिली. तिची घसरगाडी राहिली. असंच राहतं, ऋचा. थोडं थोडं."

"वस्तू राहिल्या, काका. माणसं सगळीच्या सगळी गेली."

"तू तरुण आहेस."

"आणि तुम्ही इतकी वर्षं हे रोज गाताय. भर रस्त्यात! मराठीत का नाही गायलंत? इंग्लिशमध्ये? एकदा तरी, कुणाला कळेल असं?"

त्यांनी डावीकडे बघितलं. दोन घरं सोडून जोशी आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते.

"हळू बोल," काका म्हणाले. "जोशी ऐकतील."

त्यांनी गॅरेजचं दार खाली सोडलं. ते माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. मला वाटतं त्यांच्या आयुष्यावर दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.

मार्चमध्ये काका गेले. सकाळी चालायला निघताना बूट घालायला बसले आणि उठलेच नाहीत. शोकसभा त्याच शाळेच्या सभागृहात झाली. लोक भरभरून बोलले. कुणाला त्यांनी पहिल्या दिवशी गाडी चालवायला शिकवली होती, कुणाच्या आईला इमर्जन्सीत नेलं होतं. सगळं खरं होतं. असा माणूस सगळ्यांच्या उपयोगी पडतो, फक्त कुणाच्या बाजूनं उभा राहत नाही. जोशी म्हणाले, "त्यांनी आपल्याला गाणं दिलं," आणि सगळे गाण्यासाठी उभे राहिले.

मी शुभा काकूंच्या शेजारी होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. हिमगिरीवर घसरगाडी वाहून गेली. लोक बसायला लागले. मी उभीच राहिले आणि म्हणायला सुरुवात केली. माझा आवाज वाईट आहे.

साठ दिवसांत गेले त्यांचे अंगण अजून आहे...

खुर्च्यांचा आवाज थांबला. जोशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी प्रेतावर काही फेकलं. कुणी माझ्याबरोबर म्हणेल अशी मला आशा नव्हती, आणि सभागृहातल्या लोकांपैकी कुणी म्हटलंही नाही. पण दुसऱ्या ओळीला मला शेजारून दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, सुरात, एकही शब्द न अडखळता. शुभा काकू म्हणत होत्या. हात शिवणीला, मान ताठ. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी माझी साथ केली. खरं तर शेवटची ओळ माझ्याच्यानं होईना, ती त्यांनी एकट्यांनी म्हटली.

नंतर बाहेर, कोटाची बटणं लावताना, मी विचारलं, "काकू, तुम्हाला हे कुठून पाठ? कागद तर फक्त समितीत होता."

"ह्यांच्याकडून," त्या म्हणाल्या. "ती मुलगी गेली तेव्हापासून रोज म्हणायचे. सकाळी, चहा करताना."

"मोठ्यानं?"

"हो की. अगदी चालीत." मग त्यांनी हातमोजे चढवले. "शेगडीवरचा पंखा लावून घ्यायचे आधी. चिमणीचा. फार आवाज करतो तो."

लोक मला विचारतात, एवढ्या भल्या माणसाबद्दल तुझ्या मनात इतकं विष का. त्यांना वाटतं, दातार काकांना ते कडवं कळलंच नव्हतं, जुन्या वळणाचा माणूस होता, सोडून दे. कळलं नसतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. त्यांना ते पाठ होतं.